मीठ न पडलेली गल्ली

आइंडहोवनजवळ, ९ डिसेंबर २००५

दिलीप,

आशीर्वाद आधीच घेऊन टाक, कारण पुढे सगळा वैतागच आहे. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि सारंगकडचा फोन हॉलच्या मधोमध, मी काय बोलते ते अख्खं घर ऐकतं. म्हणून आपलं पत्रच बरं.

आले एकदाची. सारंग विमानतळावर घ्यायला आला होता, चांगला सुटलाय. तो सकाळी सायकलवर बसून कंपनीत जातो, आसावरी तिच्या ऑफिसात, वैदेही शाळेत, आणि मी खिडकीत. नात सात वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते आणि दोघी आपापल्या जागी बरोबर असतो. मार्चच्या दोन तारखेपर्यंत व्हिसा आहे, तोवर हे असंच चालणार.

पहिल्याच दिवशी वाजलं. आंघोळ करून तांब्याभर पाणी घेतलं आणि दारात सडा घालायला निघाले, तर सारंग मागून म्हणतो, "आई, इथे नाही गं कुणी असं करत." म्हटलं, कुणी करत नाही म्हणून मीही करू नको? दार कोरडं ठेवलं की घर ओसाड दिसतं. तो थंडीबद्दल काहीतरी पुटपुटायला लागला. मी एकदाच त्याच्याकडे नीट पाहिलं, तेव्हापासून गप्प आहे. आता रोज सडा आणि त्यावर छोटीशी रांगोळी. इथल्या पदपथाला चौकोनी फरश्या आहेत, त्यामुळे ठिपके मोजायला लागत नाहीत.

एक गोष्ट मात्र बरी झाली. शेजारी कोरी नावाच्या बाई राहतात, माझ्याच वयाच्या, नवऱ्याची बेकरी होती, तो गेला. मी कोरीबाई म्हणते. टीव्ही बघून शिकलेलं इंग्रजी बोलतात. पहिल्या भेटीत मला म्हणाल्या, "तुझा कोट भयंकर आहे." मी म्हटलं, तुमची कॉफीही काही खास नाही. त्या खो खो हसल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या आमच्या दारावर टकटक करतात आणि आम्ही तळ्यापर्यंत चालून येतो. इथे एवढं एकच माणूस माझ्याशी माणसासारखं बोलतं, बाकी सगळे "आई, तुम्ही बसा."

आता वैताग सांगते. थंडी पडणार असं हवामान खात्यानं म्हटलं की इथल्या नगरपालिकेची, म्हणजे खेमेंटेची, गाडी रात्रीच मीठ टाकत फिरते. मोठ्या रस्त्यावर मीठ, बसच्या रस्त्यावर मीठ, सायकलींच्या रस्त्यावर मीठ. आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटेला? काही नाही! आमच्या गल्लीत तर ती गाडी वळतसुद्धा नाही. तू तीस वर्षं पालिकेच्या रस्ते खात्यात घालवलीस, तूच सांग, पायी चालणारा माणूस कर भरत नाही का?

ताई


पुणे, १९ डिसेंबर २००५

ताई,

नमस्कार. पत्र वाचून वीणा म्हणाली, तब्येत उत्तम दिसतेय ताईंची, पंधरा दिवसांत नगरपालिकेशी भांडण काढलं. मी म्हटलं, आमच्या मेट्रनबाईंना वॉर्ड मिळाला नाही म्हणून त्यांनी गाव घेतलंय ताब्यात.

मिठाचं वाचून मला मात्र फार मजा वाटली. आम्ही आयुष्यभर खड्ड्यांत मुरूम टाकला, आणि तिकडे माझ्यासारखाच कुणीतरी रात्री उठून रस्त्यावर मीठ टाकायचा हुकूम सोडतोय. त्यांचा हिशेब मला समजतो गं. मोटार घसरली तर चारजण मरतात, सायकलवर पोरं शाळेत जातात. पायी चालणारा सावकाश जातो, त्याला शेवटी ठेवतात. आम्हीही तेच करायचो. चूक आहे, पण करायचो. गल्लीबोळांचं तिथे कोण बघतं ते विचार तुझ्या कोरीबाईंना.

सारंगवर डोळे वटारू नकोस. चाळीशीला आलाय तो.

दिलीप


आइंडहोवनजवळ, १ जानेवारी २००६

दिलीप,

नवीन वर्षाचं मला काही सांगू नकोस. रागाने लिहितेय, अक्षर लावून घे.

कोरीबाई पडल्या. परवा, आमच्याच दारात. खुब्याचं हाड मोडलं.

आधीपासून सांगते. नाताळनंतर बर्फ पडला, रात्रभर, पायाच्या घोट्याच्या वर. सकाळी गल्लीतला जो तो आपापल्या दारात खराटा घेऊन उभा. तू विचारलं होतंस ना, गल्लीबोळ कोण बघतं? ज्याचं त्यानं आपलं दार बघायचं, असा इथला रिवाज. खेमेंटे फक्त मोठ्या रस्त्यांची. सारंग कंपनीत गेला होता, आसावरीला सर्दी. मग मीच कंबर कसली. खराट्याने किती वेळ ढकलत बसणार? बाथरूममधून कढत पाण्याच्या दोन बादल्या आणल्या आणि ओतल्या. भसकन बर्फ गेला. फरश्या काळ्याभोर, लख्ख निघाल्या. वर सडा घातला. अख्ख्या गल्लीत आमचंच दार असं की बघत राहावं. समोरचा म्हातारा बघतच राहिला होता.

आत येऊन कोट घालते आहे तोवर बाहेर धाडकन आवाज. धावले. कोरीबाई आडव्या, डावा पाय आखूड झालेला आणि पंजा बाहेर वळलेला. दिलीप, पस्तीस वर्षं ऑर्थोपेडिक वॉर्डात काढलीत मी, मला कुणी एक्स-रे दाखवायला नको. समोरचा म्हातारा त्यांना उठवायला आला तर मी असे ओरडले की तो जागच्या जागी थांबला. "डोंट टच!" घरातली सगळी पांघरुणं आणून त्यांच्यावर टाकली, डोकं मांडीवर घेतलं, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हलले नाही. माझाही पाय दोनदा सटकला तिथे, इतकं निसरडं. बाई रडल्या नाहीत. माझा हात मात्र इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

या वयात खुबा मोडला की काय होतं हे मला कुणी शिकवू नये. निम्म्या बायका परत पहिल्यासारख्या चालत नाहीत. काही तर अंथरुणातून उठतच नाहीत. आणि हे सगळं कशामुळे? तर खेमेंटेला मूठभर मीठ आमच्या गल्लीत टाकायला जड झालं म्हणून! सायकलींच्या रस्त्यावर ढिगाने ओतलंय. तळपायाची आग मस्तकात गेली आहे माझ्या. मी यांना सोडणार नाही.

तक्रार कशी लिहायची ते सांग. तुझ्याकडे आयुष्यभर लोकांच्या तक्रारी आल्या, कुठल्या तक्रारीने तुला घाम फुटायचा ते आठवून लिही.

ताई


पुणे, १० जानेवारी २००६

ताई,

वाचून फार वाईट वाटलं. तू तिथे होतीस म्हणून त्या बाईंना कुणी वेडंवाकडं उचललं नाही, हे त्यांचं नशीब.

तक्रार जरूर कर. मीही चिडलोय. साहेब लोकांना लिहून दिल्याशिवाय काही हलत नाही, हे मी त्या बाजूच्या खुर्चीत बसून पाहिलंय. घाम कशाने फुटायचा विचारतेस? शिव्यांनी नाही. जागा, वेळ आणि परिस्थिती नेमकी लिहिणाऱ्याने फुटायचा. तेव्हा तेच कर. गल्लीचं नाव, घराचा नंबर, बर्फ कधीपासून साचला होता, कुणी साफ केला. आणि हे नक्की लिही की ते निसरडं पूर्ण गल्लीभर होतं, की फक्त काही भागात. पूर्ण गल्लीभर असेल तर त्यांना उत्तर देता येणार नाही.

इंग्रजीत लिही, सही स्वतःची कर. सारंगला मध्ये घालू नकोस, तो तिथे नोकरी करतो.

दिलीप


आइंडहोवनजवळ, १९ जानेवारी २००६

दिलीप,

दिली तक्रार. अगदी तू सांगितलंस तशी, मुद्देसूद. स्वतः जाऊन खिडकीवर दिली आणि पोच घेतली.

सारंग ऐनवेळी आडवा आला होता. "आई, नको देऊस हे पत्र, प्लीज. राहू दे." का राहू दे ते सांगेना. म्हटलं, तुझी शेजारीण हाड मोडून पडली आणि तू राहू दे म्हणतोस? परक्या देशात राहून तुमचा कणाच गेलाय. चेहरा पाडून निघून गेला. जाऊ दे.

तू विचारलेलं लिहिलं. ऐक, म्हणजे तुझीही तिडीक वाढेल. बाकी सगळ्या गल्लीत बर्फ भुसभुशीतच होता, पाय रुतायचा पण घसरायचा नाही. फक्त आमच्या दारापुढे काचेसारखं कडक. आता बोल! म्हणजे नेमकं आमच्याच दाराला यांनी वगळलं. गल्लीत आम्ही एकटेच काळे आहोत, हे मी पत्रात लिहिलं नाही, पण मनात आलं.

दोन दिवसांनी खेमेंटेचा एक तरुण माणूस आला. उंच, गुलाबी, हसरा. दारापुढच्या फरश्या बघितल्या, समोरच्या म्हाताऱ्याशी बोलला, मग सारंगशी दारातच डचमध्ये कितीतरी वेळ. सारंग खाली मान घालून उभा. मी कॉफी दिली तर त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पेशंटच्या नातेवाइकाकडे बघतो. मी विचारलं, काय म्हणाला? सारंग म्हणे, "बघतो म्हणाला." बघतो! हा शब्द तुमच्या खात्याने तिकडेही पाठवलाय का?

कोरीबाईंचं ऑपरेशन झालं. आता चालायला शिकवतात अशा एका संस्थेत ठेवलंय, बसने अर्धा तास. मी रोज म्हणते मला घेऊन चल. सारंग म्हणतो, त्यांना थकवा आहे, भेटायला कुणाला सोडत नाहीत. असेल. पण मला करमत नाही रे. सकाळ झाली की कान दाराकडे लागतात.

गल्लीतले लोक पूर्वी हात करायचे, आता करत नाहीत. तक्रार केली म्हणून असेल. करोत. एक आसावरीच मात्र अगदी बदलली आहे. रोज सकाळी मला अंथरुणात चहा आणून देते, "आई, थंडीत तुम्ही दारात जाऊ नका, मी बघते सगळं." माझी बादली धुऊन कुठेशी ठेवून दिली, सापडत नाही. आठ वर्षांत पहिल्यांदा सून असल्यासारखी वागते आहे.

ताई


पुणे, २८ जानेवारी २००६

ताई,

पत्र मिळालं. इथे सगळं ठीक आहे. मागच्या पेरूला यंदा इतकी फळं लागलीत की वीणा शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून थकली. पोपट निम्मी खातात. जाळी लावावी म्हणतोय.

वीणाचा गुडघा बरा आहे. तिचा भाऊ विश्वास, त्याच्या मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं, तुला यायचंच आहे.

तक्रारीचं म्हणशील तर आता त्याचा पाठपुरावा करू नकोस. एकदा दिली, झालं. परक्या ठिकाणी फार ताणू नये. तब्येतीला जप. थंडी आहे तोवर सकाळी पाण्यात हात घालू नकोस, सडाबिडा थोडे दिवस नाही घातलास तरी देव काही रागावणार नाही.

दिलीप


आइंडहोवनजवळ, ६ फेब्रुवारी २००६

दिलीप,

पेरू! मला पेरूचं लिहिलंस तू!

काल पहाटे जाग आली. रविवार होता, सगळी झोपलेली. म्हटलं किती दिवस दार तसंच आहे. बादली मिळाली नाही म्हणून पातेलं घेतलं. सडा घातला, रांगोळीचा डबा घेऊन खाली बसले. बाहेर इतकं गार की श्वास दिसत होता. पहिली रेघ काढली, दुसरी काढली, आणि तिसरीला बोट फरशीवरून सरकन गेलं. बघते तर माझ्या डोळ्यांदेखत पाणी कडेने पांढरं होत होतं. दिव्याच्या उजेडात. हात लावला तर काच. मी तिथेच बसून राहिले. कढत पाण्याच्या दोन बादल्या. वर सडा. आणि मग कोरीबाई मला फिरायला न्यायला आल्या.

माझ्यामुळे. खेमेंटे नाही, कुणी नाही. मी ओतलं ते पाणी, मी.

उठले ती सरळ सारंगच्या खोलीत. उठवला. विचारलं, तुला माहीत होतं? तो पलंगावर उठून बसला आणि म्हणाला, हो. कोरीबाईंच्या मुलाने त्याच दिवशी सांगितलं होतं. समोरच्या म्हाताऱ्याने मला ओतताना पाहिलं होतं. खेमेंटेच्या माणसाला माहीत होतं. आसावरीला माहीत होतं, म्हणून तो चहा आणि म्हणून ती लपवलेली बादली! आणि मी मूर्खासारखी तुला लिहितेय की सून बदलली.

सगळ्या गल्लीला माहीत होतं. फक्त मला नाही. त्या गुलाबी पोराच्या हातात मी स्वतःच्या सहीचा कागद दिला की तुम्ही दोषी आहात, आणि वर त्याला कॉफी पाजली. सगळे माझ्याकडे बघून हळहळत होते रे, वेड लागलेल्या म्हातारीकडे बघतात तसे.

आणि तू. तुझ्या नेमक्या प्रश्नाला मी नेमकं उत्तर दिलं, आणि ते वाचताक्षणी तुला कळलं. कळलं ना? तीस वर्षं रस्ते बघितलेल्या माणसाला कळणार नाही? मग लिहिता आलं नाही, ताई, पाणी तू ओतलंस? पोपटांना जाळी लावणार म्हणे! लाज नाही वाटली? सख्खा भाऊ म्हणून तुला सगळं लिहीत गेले, आणि तूही त्यांच्यातलाच निघालास.

आता कोरीबाईंपुढे कुठल्या तोंडाने जाऊ? त्या भेटायला नाही म्हणतात ते बरोबरच आहे. मीही नाही म्हटलं असतं. माझी एकुलती एक मैत्रीण तिथे पंगू होऊन पडली आहे आणि तीन आठवड्यांनी मी विमानात बसणार.

मला उत्तर पाठवू नकोस.

वासंती


पुणे, १३ फेब्रुवारी २००६

ताई,

उत्तर पाठवतोय, कुरियरने. वाच नाहीतर फाड.

हो, कळलं होतं. "फक्त आमच्या दारापुढे काचेसारखं" हे वाचलं त्याच क्षणी. ती तक्रार कर म्हणून तुला भरीला मीच घातलं होतं. वीणाला दाखवलं. ती म्हणाली, ताईंना लिहा. दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो आणि पेरूचं लिहिलं. चुकलं माझं.

पण आता तूही ऐक. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्यावर ओरडतोय. तुला सांगणार कोण, ताई? कुणाची छाती आहे? वीणा लग्न होऊन आली त्या वर्षी एकदा म्हणाली, ताई, आमटीत मीठ जरा जास्त झालंय. तू दोन दिवाळ्या आमच्याकडे आली नाहीस. आईला कॅन्सर होता तेव्हा डॉक्टर तुला सोडून आम्हा सगळ्यांशी बोलायचे, कारण तू त्यांनाही झाडायचीस. सारंगने पहिल्या दिवशी सांगायचा प्रयत्न केला, इथे पाणी नको. तू "एकदाच नीट पाहिलं." अभिमानाने लिहिलंस मला ते! त्या पाहण्याला आम्ही सगळे जन्मभर घाबरलोय. मी बासष्ट वर्षांचा झालो, तरी तुझं पाकीट फोडताना आधी खुर्चीत बसतो.

आम्ही भित्रे आहोत, मान्य. पण आम्हाला भित्रं करण्यात तुझाही हात आहे. आता बोललो. काय करायचं ते कर.

आणि त्या बाईंकडे जा. सारंगला विचारू नकोस, त्याच्या परवानगीची वाट बघू नकोस. त्या हाकलतील तर हाकलू देत. पण त्यांच्या तोंडून ऐक, मधल्या कुणाच्या नको.

दिलीप


आइंडहोवनजवळ, २४ फेब्रुवारी २००६

दिलीप,

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जुळवून परत वाचलं. आमटीत मीठ जास्त नव्हतं, हे आधी सांगते. बाकीच्यावर मला अजून राग आहे.

आधी खेमेंटेत गेले. खिडकीवरच्या बाईला म्हटलं, मी केलेली तक्रार खोटी आहे, पाणी मीच ओतलं होतं, परत घ्यायची आहे. रात्रभर वाक्यं जुळवली होती इंग्रजीत. तिने संगणकात बघितलं आणि म्हणाली, "ओके." बस्स, इतकंच. मागच्या माणसाला बोलावलं. मला वाटलं होतं निदान कुणीतरी दोन शब्द सुनावेल.

तिथूनच बस पकडली. कुणाला सांगितलं नाही. संस्था मोठी आहे, स्वच्छ, आपल्या वॉर्डापेक्षा शांत. कोरीबाई खिडकीशी खुर्चीत. अर्ध्या झाल्यात रे. मी दारातच उभी राहिले आणि म्हटलं, "आय थ्रू द वॉटर. आय डिड इट." पुढचं जे काय पाठ केलं होतं ते सगळं गेलं.

मग त्यांचा जो तोंडाचा पट्टा सुरू झाला! अर्धं डच, अर्धं इंग्रजी, मध्ये टेबलावर हात आपटणं. पाण्याचं माहीत आहे म्हणाल्या, सगळ्यांना माहीत आहे, पाणी ओतलं तो गाढवपणा होता. "स्टुपिड! स्टुपिड!" असं दोनदा. मी मान हलवली. मग म्हणाल्या, पण तू नर्स ना? नर्स! ऑपरेशनला तू नाहीस. टाके काढले तेव्हा तू नाहीस. रोज दाराकडे बघत होते. मुलाकडून दोनदा निरोप पाठवला, तर उत्तर काय, तुझी तब्येत बरी नाही. "सेव्हन वीक्स! यू लिव्ह नेक्स्ट डोअर!"

दिलीप, त्यांनी मला नको म्हटलंच नव्हतं. सारंगने त्यांना सांगितलं मी आजारी, आणि मला सांगितलं त्या थकलेल्या. समोरासमोर आलो तर त्या बोलून टाकतील आणि मला कळेल, म्हणून. अंगाची नुसती लाही लाही झाली. माझ्या मुलाने अडवलं, मला माहीतच नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर मी मोकळी झाले असते. ओठांवर आलं होतं. गिळलं. त्यांना त्यांचा राग कुणावर तरी काढायचा होता, आणि तो माझ्याच वाट्याचा होता. उभी राहून ऐकला सगळा. जन्मात कुणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं. पण खरं सांगू, बरं वाटत होतं. इतक्या आठवड्यांत माझ्याशी खरं बोलणारं ते पहिलं माणूस होतं.

दमल्या तेव्हा मी विचारलं, चालता का? तोंड फिरवलं. सिस्टर म्हणाली, आठ दिवस झाले, उभ्याच राहत नाहीत, भीती बसली आहे. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मला स्टुपिड म्हणता आणि स्वतः खुर्चीत कुजत बसता? उठा! त्या म्हणाल्या, नाही. मी म्हटलं, उठा म्हणते ना! त्या डचमध्ये ओरडल्या, मी मराठीत. चाकांची ती चौकट ओढून पुढे आणली, काखेत हात घातला, आणि पस्तीस वर्षं जशा उठवल्या तशा उठवल्या. दोन पावलं टाकली. थांबून मला शिव्या दिल्या. परत दोन टाकली. आम्ही कॉरिडॉरच्या टोकापर्यंत भांडत भांडत गेलो. कोण मारामारी करतंय बघायला दोन सिस्टर धावत आल्या. खिडकीपर्यंत पोचल्यावर कोरीबाई तिथे टेकून रडल्या, पडल्या त्या दिवशी रडल्या नव्हत्या तेवढ्या. मीही रडले. मग परत यायचं होतं, तर परत भांडलो.

घरी आले तेव्हा सारंग फाटकात उभा, पोलिसांना फोन करायच्या बेतात. काय काय बोलायचं ते बसमध्ये सगळं ठरवून आले होते, एकेक शब्द. त्याला समोर बसवला आणि विचारलं, का रे? तो खाली बघत म्हणाला, "भीती वाटली." पांढरे झालेत त्याचे कानशिलावरचे केस. एवढा बाप्या, हजार लोकांच्या कंपनीत साहेब, आणि आईची भीती वाटली म्हणतो. ठरवलेला एकही शब्द मला बोलता आला नाही. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर तो आधी दचकला. ते दचकणं मी कधी विसरणार नाही.

दोन तारखेला निघते. तोवर रोज त्या बसने जाणार आहे. निघताना कोरीबाईंना म्हटलं, आता राग गेला ना? म्हणाल्या, छे, निम्मासुद्धा बोलून झाला नाही. उद्या लवकर ये.

ताई